एनएचएलला टाळं लागलं तर आपल्या संघाचा माग कसा ठेवायचा

एनएचएल ही उत्तर अमेरिकेची आइस हॉकी लीग. तिच्या संघमालकांनी आजवर तीनदा मोठी टाळेबंदी केली, म्हणजे खेळाडूंशी करार नसताना खेळच बंद ठेवला. १९९४-९५ चा हंगाम ८४ ऐवजी ४८ सामन्यांवर आला, २०१२-१३ चा ८२ वरून ४८ वर आला, आणि २००४-०५ चा हंगाम झालाच नाही. सध्याचा सामूहिक करार १५ सप्टेंबर २०२६ ला संपतो. त्याला जोडून १५ सप्टेंबर २०३० पर्यंतचा करार लीग आणि खेळाडूंची संघटना एनएचएलपीए यांनी २०२५ मध्येच मान्य केला आहे. म्हणजे पुढचा धोका २०३० च्या शरदात. तिन्ही टाळेबंद्या सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या एक तारखेपर्यंतच्या पंधरवड्यात सुरू झाल्या, हे लक्षात ठेवा. तयारी करायची ती उन्हाळ्यात.

टाळेबंदीत तुमचा संघ बंद पडत नाही, विखुरतो. काही जण दुय्यम संघात जातात, काही युरोपात, काही ज्युनियर लीगमध्ये, काही उपचारांच्या टेबलावर, आणि उरलेले गावातल्या रिंकवर पदरमोड करून बर्फ भाड्याने घेतात. रोज वाटाघाटींच्या बातम्या चाळत बसलेल्या चाहत्याच्या पदरी मनस्तापच येतो. खेळाडूंचा माग ठेवणाऱ्याला मात्र जानेवारीत संघ परत येतो तेव्हा कोण तयार आहे आणि कोण नाही हे आधीच ठाऊक असतं.

टाळं लागण्यापूर्वीचे दोन आठवडे

पहिलं काम नोंदींचं. २०१२ मध्ये टाळेबंदी सुरू होताच लीगच्या आणि संघांच्या संकेतस्थळांवरून सध्याच्या खेळाडूंची छायाचित्रं आणि त्यांच्याबद्दलचा मजकूर गायब झाला. कराराविना संघाला खेळाडूंचं नाव-चेहरा वापरता येत नाही, अशी त्यामागची भूमिका. म्हणून आधीच स्वतःचा तक्ता करा. एका संघाकडे जास्तीत जास्त ५० खेळाडूंचे करार असू शकतात. त्यात करार न झालेले ड्राफ्टमधले (तरुणांच्या वार्षिक निवडीत संघाने हक्क मिळवलेले) पोरगे धरले की साठ-पासष्ट नावं होतात. प्रत्येक नावापुढे एवढे रकाने पुरेत:

- वय आणि जागा (सेंटर, विंगर, डिफेन्समन, गोलकीपर)
- करार कोणत्या वर्षी संपतो
- करार एकपदरी की दुपदरी, म्हणजे खालच्या लीगमध्ये पगार तोच राहतो की कमी होतो
- वेव्हर्समधून (खाली धाडण्याआधी इतर संघांना तो खेळाडू घेण्याची संधी) जावं लागतं की सूट आहे
- टाळं लागलं त्या दिवशी जखमी होता का
- सध्या कुठे, कधीपासून
- सामने, बर्फावरचा सरासरी वेळ, पावर प्लेमध्ये (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) कोणत्या फळीत
- परतीची अट

मधले तीन रकाने लोक गाळतात आणि नेमके तेच कामाचे असतात. टाळेबंदी सुरू झाली की संघाला कुणालाही खाली पाठवता येत नाही, वर बोलावता येत नाही, अदलाबदल करता येत नाही, नवा करार करता येत नाही. त्यामुळे जे काही व्हायचं ते मुदतीच्या आदल्या काही दिवसांत होतं. वेव्हर्सची सूट असलेले, पहिल्याच करारावरचे तरुण त्या दिवसांत भराभर एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या एक पायरी खालच्या लीगमध्ये, धाडले जातात. ती यादी ज्या दिवशी जाहीर होईल त्याच दिवशी उतरवून घ्या. त्यात नाव नसलेल्या तरुणाला टाळेबंदी संपेपर्यंत एएचएल बंद.

करारांचीही घाई उडते. २०१२ मध्ये शेन डोनने फिनिक्सशी करार केला तो १४ सप्टेंबरला, मुदत संपायच्या आदल्या दिवशी. अशा करारांची मुदत आणि रक्कम जुन्या नियमांत बसवलेली असते. नवे नियम काय येतील याचा मालकांचा अंदाज त्यातून डोकावतो. सगळे संघ लांब मुदतीचे करार उरकून घेत असतील, तर मुदतीवर मर्यादा येणार हे जवळपास नक्की समजा. २०१३ मध्ये तसंच झालं: स्वतःच्या खेळाडूशी कमाल आठ वर्षं, बाहेरच्याशी सात.

दुय्यम संघ: मुक्काम इथेच करा

एएचएलचे खेळाडू पीएचपीए या वेगळ्या संघटनेचे सदस्य असतात आणि त्यांचा करार वेगळा असतो. म्हणून वर टाळं असलं तरी एएचएलचे सामने वेळापत्रकाप्रमाणे होतात. आज एएचएलमध्येही ३२ संघ आहेत, एनएचएलच्या प्रत्येक संघाला एक. टाळेबंदीच्या काळात तुमचा वेळ सर्वांत सार्थकी लागेल तो या एका संघावर.

एडमंटन ऑइलर्सचं २०१२-१३ चं उदाहरण बघा. टेलर हॉल, जॉर्डन एबर्ले, रायन न्यूजंट-हॉपकिन्स आणि नुकताच करार केलेला डिफेन्समन जस्टिन शुल्ट्झ हे चौघेही त्यांच्या दुय्यम संघात, ओक्लाहोमा सिटी बॅरन्समध्ये, खेळले. त्या शरदात ज्याने बॅरन्सचे सामने पाहिले त्याला ऑइलर्सचा पुढचा पावर प्ले डोळ्यांसमोर उभा राहताना दिसला. शुल्ट्झ एएचएलमध्ये इतका सरस ठरला की अर्धा हंगाम वर जाऊनही त्या वर्षीचा एएचएलचा सर्वोत्तम डिफेन्समनचा पुरस्कार त्यालाच मिळाला. २००४-०५ मध्येही असंच चित्र होतं: जेसन स्पेझा बिंगहॅम्टनला, एरिक स्टाल लोवेलला, पॅट्रिस बर्जरॉन प्रॉव्हिडन्सला.

सामना पाहताना गोल-असिस्टचे आकडे बाजूला ठेवा. पोरगा आधीच एनएचएलच्या दर्जाचा असेल तर त्याला एएचएलमध्ये गुण मिळणारच. पाहायचं ते असं: पावर प्लेच्या पहिल्या फळीत तो कुठल्या जागी उभा राहतो, एका गोलची आघाडी असताना शेवटच्या दोन मिनिटांत प्रशिक्षक त्याला पाठवतो का, आणि सेंटर असेल तर स्वतःच्या क्षेत्रातले फेसऑफ (पंच पक, म्हणजे खेळाची चकती, टाकून खेळ सुरू करतो तेव्हाची झुंज) त्याला मिळतात का. बर्फावरच्या वेळेचा आकडा स्कोअरशीटवर नसेल तर शिफ्ट, म्हणजे बर्फावरच्या पाळ्या, मोजा. एका कालखंडात (सामन्यात असे तीन) सात-आठ शिफ्ट म्हणजे भरवशाचा खेळाडू. चार-पाच म्हणजे प्रशिक्षक त्याला अजून जपून वापरतोय.

एएचएलचं वेळापत्रक शनिवार-रविवारकडे झुकलेलं असतं आणि कधीकधी शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवसांत तीन सामने येतात. तिसऱ्या सामन्यावरून कुणाचंही मत बनवू नका. पाय जड झालेले असतात, गोलमध्ये बहुधा दुसरा गोलकीपर असतो, प्रवास रात्रीच्या बसचा झालेला असतो. वेळ एकाच सामन्याला असेल तर शुक्रवारचा निवडा.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. वरून चार-पाच चांगले तरुण आले की आधीपासून तिथे असलेल्या चार-पाच जणांचा वेळ जातो. पंचविशीतला, तिसऱ्या फळीतून वर चढू पाहणारा विंगर अचानक प्रेक्षकांत बसतो किंवा आणखी एक पायरी खाली, ईसीएचएलमध्ये जातो. त्याचे आकडे घसरले म्हणून त्याला तक्त्यातून खोडू नका. टाळं उघडल्यावर तेच तरुण वर जातात, याची जागा परत मिळते आणि फेब्रुवारीत दुखापती सुरू झाल्या की बोलावणं याला येतं.

ईसीएचएलमध्ये उलट दिशेनेही माणसं येतात. एनएचएलचा पक्का खेळाडू एएचएलमध्ये जाऊ शकत नाही, पण टाळेबंदीत ईसीएचएलच्या क्लबशी थेट बोलणी करू शकतो. अँकरेजचा स्कॉट गोमेझ २००४-०५ मध्ये अलास्का एसेसकडून खेळला आणि २०१२ मध्ये पुन्हा तिथेच गेला.

युरोप

२००४-०५ मध्ये ३८८ एनएचएल खेळाडू युरोपातल्या संघांकडून खेळले. २०१२ मध्ये अलेक्झांडर ओव्हेच्किन डायनॅमो मॉस्कोला, येव्हगेनी माल्किन मॅग्निटोगोर्स्कला, यारोमिर यागर स्वतःच्या मालकीच्या क्लाद्नोला, पॅट्रिक केन आणि टायलर सेगिन स्वित्झर्लंडच्या बीलला, जो थॉर्नटन आणि रिक नॅश दावोसला, क्लोद जिरू आणि डॅनी ब्रिएर बर्लिनला. थॉर्नटन-नॅश जोडी २००४-०५ मध्येही दावोसलाच होती. जुना मुक्काम हा अंदाजाचा सर्वांत चांगला आधार: खेळाडू जिथे वाढला, जिथे भाऊ खेळतो किंवा जिथे आधी खेळला आहे, तिथे तो जातो.

कोण जाऊ शकतो हे तीन गोष्टींवर ठरतं. पहिली, त्या लीगचे नियम. २०१२ मध्ये रशियाच्या केएचएल या लीगने प्रत्येक क्लबला एनएचएलचे तीनच खेळाडू घेऊ दिले. स्वीडनच्या पहिल्या लीगमधल्या क्लबांनी अल्पमुदतीचे करार नकोत असं ठरवलं होतं, त्यामुळे आन्झे कोपितार दुसऱ्या पायरीवरच्या मोराकडे गेला. इतरत्र परदेशी खेळाडूंची संख्या ठरलेली असते, म्हणून स्विस क्लबला चांगला कॅनेडियन घ्यायचा तर आधीच्या एखाद्याला बसवावं लागतं. यापुढे रशिया गृहीत धरू नका, कारण एनएचएलने २०२२ मध्ये केएचएलशी व्यवहार थांबवले.

दुसरी गोष्ट विम्याची. परदेशात दुखापत झाली तर एनएचएलमधला उरलेला पगार धोक्यात येतो, म्हणून खेळाडू किंवा त्याचा नवा क्लब त्या कराराचा विमा उतरवतो. करार जितका लांब आणि मोठा तितका हप्ता जबर, आणि डोक्याच्या किंवा पाठीच्या जुन्या दुखापतीवर विमा कंपनी अटी घालते. सिडनी क्रॉस्बी २०१२ च्या टाळेबंदीत परदेशी क्लबकडून खेळला नाही. तुमच्या संघाचा सर्वांत महागडा खेळाडू घरीच थांबला तर त्याला खेळायची इच्छा नाही असा अर्थ काढू नका. तिसरी गोष्ट आंतरराष्ट्रीय हस्तांतरण कार्ड. करार जाहीर झाल्यापासून ते कार्ड हातात येईपर्यंत काही दिवस जातात, म्हणून घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी त्याला संघात शोधू नका.

सामन्याची वेळ काढताना मध्य युरोप आणि उत्तर अमेरिकेचा पूर्व किनारा यांच्यात सहा तासांचा फरक धरा. बर्नमध्ये संध्याकाळी पावणेआठला सुरू होणारा सामना न्यूयॉर्कमध्ये दुपारी पावणेदोनला. पण युरोपातली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात आणि अमेरिकेतली नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या त्या आठवड्यात फरक पाच तासांचा असतो आणि तोच सामना न्यूयॉर्कमध्ये दुपारी पावणेतीनला सुरू होतो. शिवाय नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये राष्ट्रीय संघांच्या स्पर्धांसाठी युरोपातल्या लीग काही दिवस थांबतात. खेळाडू आठवडाभर दिसला नाही तर आधी ती तारीख तपासा, दुखापतीच्या अफवेवर नंतर विश्वास ठेवा. २६ ते ३१ डिसेंबर दावोसला स्पेंगलर कप ही क्लबांची स्पर्धा असते. टाळेबंदीच्या वर्षी ती चुकवू नये.

आकडे वाचतानाही सावध राहा. एनएचएलची रिंक सुमारे २६ मीटर रुंद, तर युरोपातल्या बऱ्याच रिंक ३० मीटरपर्यंत. कडेने स्केट करणाऱ्याला चार मीटर जास्त मिळतात, बचाव करणाऱ्याला तितकंच जास्त अंतर कापावं लागतं, आणि कोपऱ्यातून गोलवर मारलेला फटका जास्त लांबून येतो. म्हणून वेगवान विंगरचे युरोपातले गुण थोडे फुगलेले समजा. धिप्पाड, जवळून आदळून पक जिंकणाऱ्या डिफेन्समनचं अपयश तितकंसं मनावर घेऊ नका. गोलकीपरच्या बाबतीत मात्र किती सामने खेळला हाच आकडा महत्त्वाचा. सर्गेई बोब्रोव्स्की जून २०१२ मध्ये फिलाडेल्फियाकडून कोलंबसला आला, टाळेबंदीत सेंट पीटर्सबर्गच्या एसकेएकडून नियमित खेळला, जानेवारीत सरावात असलेला परतला आणि त्या छोट्या हंगामाची व्हेझिना ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम गोलकीपरचा पुरस्कार, घेऊन गेला.

परतीच्या अटीचा रकाना इथेच लागतो. बहुतेक करारांत टाळं उघडताच परत जाण्याची मुभा असते, पण परतण्याचा दिवस प्रत्येकाचा वेगळा. जानेवारी २०१३ मध्ये समझोता झाल्यावरही इल्या कोवालचुक केएचएलच्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी रशियात थांबला होता.

ज्युनियर, कॉलेज आणि जखमी

ड्राफ्ट केलेले पोरगे कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये किंवा अमेरिकेच्या कॉलेज हॉकीत असतील तर त्यांचा हंगाम एरवीसारखाच चालतो. फरक पडतो तो डिसेंबर अखेरच्या वर्ल्ड ज्युनियर स्पर्धेत. एरवी एनएचएलचे संघ विशीखालचे नियमित खेळाडू या स्पर्धेसाठी सोडत नाहीत. टाळेबंदीत ते मोकळे असतात. २००४-०५ ला ग्रँड फोर्क्समध्ये कॅनडाच्या संघात क्रॉस्बीबरोबर बर्जरॉनही होता, जो आदल्या वर्षी बॉस्टनकडून अख्खा हंगाम खेळला होता. २०१२-१३ ला उफामध्ये न्यूजंट-हॉपकिन्स कॅनडाचा कर्णधार होता आणि स्पर्धेत सर्वाधिक गुण त्याचेच झाले, जरी सुवर्ण अमेरिकेने नेलं.

महिलांची पीडब्ल्यूएचएल जानेवारी २०२४ पासून सुरू आहे आणि तिचा कामगार करार स्वतंत्र आहे. एनएचएलला टाळं लागलं म्हणून ती थांबत नाही. उत्तम दर्जाची हॉकी घराजवळ पाहायची असेल तर हा पर्याय पूर्वीच्या टाळेबंद्यांत नव्हता.

टाळं लागलं त्या दिवशी जखमी असलेल्या खेळाडूला पगार मिळत राहतो आणि संघाच्या वैद्यकीय पथकाशी संपर्क ठेवता येतो. बाकीच्यांना संघाच्या इमारतीत पाऊलही ठेवता येत नाही. म्हणून दीर्घ दुखापतीतून सावरणाऱ्याला टाळेबंदी उलट फायद्याची ठरते: ऑक्टोबरमध्ये वीस सामने मुकणारा जानेवारीत पहिल्या दिवशी उभा असतो.

वाटाघाटी: आठवड्यातून अर्धा तास

संघाच्या महाव्यवस्थापकाकडून किंवा प्रशिक्षकाकडून काही कळेल ही आशा सोडा. मालकांच्या बाजूने बोलायचा अधिकार आयुक्त गॅरी बेटमन आणि त्यांचे उपायुक्त बिल डेली यांनाच असे. २०१२ मध्ये डेट्रॉइटचे ज्येष्ठ पदाधिकारी जिम डेव्हेलानो एका मुलाखतीत मोकळेपणाने बोलले आणि लीगने अडीच लाख डॉलर दंड ठोठावला. त्यानंतर सगळीकडे चिडीचूप. खेळाडूंवर असं बंधन नसतं, पण बहुतेकांना वाटाघाटींच्या खोलीतलं माहीत नसतं.

त्यामुळे विधानं सोडून प्रस्तावांतले आकडे पाहा. उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा हा पहिला. २०१२ मध्ये तो ५७ टक्के होता, मालकांनी जुलैत ४३ चा प्रस्ताव ठेवला, शेवट ५० वर झाला. दोन्ही बाजूंचे आकडे एका रांगेत लिहीत गेलात की समझोता कुठे होणार हे महिनाभर आधी दिसतं. ऑक्टोबरच्या मध्यालाच मालक ५० वर आले होते. मग उरतात ते आधीच झालेल्या करारांची भरपाई (त्या वेळी ३० कोटी डॉलरवर मिटलं), करारांची कमाल मुदत, पुढच्या हंगामाची पगारमर्यादा (६.४३ कोटी डॉलर) आणि खुद्द सामूहिक कराराची लांबी. यातल्या एका मुद्द्यावर दोन्ही बाजू बोलायच्या थांबल्या तर तो मिटला असं समजा. ज्यावर आवाज चढतो तो शेवटचा उरलेला असतो.

दुसरी नोंद सामने रद्द होण्याची. लीग सगळे सामने एकदम रद्द करत नाही, टप्प्याटप्प्याने करते. २०१२ मध्ये ४ ऑक्टोबरला पहिले दोन आठवडे गेले, १९ ऑक्टोबरला १ नोव्हेंबरपर्यंतचे, २६ ला सगळा नोव्हेंबर, २ नोव्हेंबरला मिशिगन स्टेडियमवरचा विंटर क्लासिक हा उघड्यावरचा सामना, २३ नोव्हेंबरला १४ डिसेंबरपर्यंतचे सामने आणि ऑल-स्टार, मग १० आणि २० डिसेंबरला उरलेले. रद्द करणं हा दबावाचाही भाग असतो. पण तारखांचं गणित खरं असतं आणि ते तुम्हीही मांडू शकता.

समझोत्याच्या दिवसापासून पहिल्या सामन्यापर्यंत नऊ ते तेरा दिवस लागतात: १९९५ मध्ये ११ ते २० जानेवारी, २०१३ मध्ये ६ ते १९ जानेवारी. त्यात मतदान आणि आठवडाभराचं शिबिर आलं. नियमित हंगाम एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला संपवावाच लागतो, कारण विजेत्याला स्टॅनली चषक जूनअखेर द्यायचा असतो. दोन्ही वर्षी तो २४ जूनला दिला गेला. २०१३ मध्ये ४८ सामने ९९ दिवसांत झाले, म्हणजे साधारण दोन दिवसांना एक. तेव्हा समझोत्याच्या तारखेत अकरा दिवस मिळवा, तिथून २७ एप्रिलपर्यंतचे दिवस मोजा आणि २.०६ ने भागा. १ डिसेंबरला समझोता झाला तर १२ डिसेंबरपासून १३७ दिवस, म्हणजे सहासष्टच्या आसपास सामने. ८ जानेवारीनंतर उत्तर ४८ च्या खाली जातं आणि तिथेच खरी मुदत असते. २००५ मध्ये ती ओलांडली गेली; अखेरीस २८ सामन्यांच्या हंगामाची चर्चा झाली, मालक ४.२५ कोटी डॉलरच्या पगारमर्यादेवर आणि खेळाडू ४.९ कोटीवर अडले, आणि १६ फेब्रुवारीला बेटमन यांनी हंगाम रद्द केला.

बातम्यांत सर्वांत फसव्या असतात त्या ‘झालं, मिटलं’ म्हणणाऱ्या. हंगाम रद्द झाल्यावर तीनच दिवसांनी, १९ फेब्रुवारी २००५ ला, न्यूयॉर्कमध्ये पुन्हा बैठक बसली. समझोता झाल्याच्या बातम्या आधीच फिरल्या होत्या, चाहते हुरळले, आणि बैठक हात हलवत उठली. ६ डिसेंबर २०१२ ला खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख डोनाल्ड फेर यांनी दोन्ही बाजू जवळ आल्याचं पत्रकारांना सांगितलं. काही मिनिटांतच लीगचा नकार निरोपाने आला आणि त्यांना पुन्हा माईकपुढे उभं राहावं लागलं. दोन्ही बाजूंनी एकाच शब्दांत दुजोरा दिल्याशिवाय तिकीट काढू नका, हॉटेल ठरवू नका.

आशेचं खरं लक्षण वेगळं. बैठका लांबतात, बाहेर कुणी बोलत नाही, आणि मध्यस्थ दोन इमारतींत फेऱ्या मारतो. जानेवारी २०१३ च्या पहिल्या आठवड्यात संघीय मध्यस्थ स्कॉट बेकनबॉ यांनी नेमकं हेच केलं. शेवटची बैठक सुमारे सोळा तास चालली आणि ६ जानेवारीच्या पहाटे समझोता झाला.

पैसे

हंगामी तिकीट असेल तर उन्हाळ्यातच संघाच्या अटी वाचा. टाळेबंदीतल्या रद्द सामन्यांसाठी परतावा मिळतो की पुढच्या खात्यात जमा होतो, जमा रकमेवर व्याज आहे का, आणि हप्ते थांबतात की कापलेच जातात, हे संघागणिक बदलतं. ठरवून काही केलं नाही तर रक्कम बहुधा खात्यातच पडून राहते. पार्किंगचा पास वेगळा विकत घेतला असेल तर त्याचा परतावा वेगळा मागावा लागतो.

सुट्या तिकिटाचे पैसे सामना अधिकृतपणे रद्द झाल्यावरच परत येतात; ‘पुढे ढकलला’ म्हटलं असेल तर वाट पाहावी लागते. दुसऱ्याकडून विकत घेतलेलं तिकीट असेल तर परतावा विकणाऱ्या संस्थेच्या नियमाने, संघाच्या नव्हे. प्रवास ठरवणाऱ्यांनी टाळेबंदीच्या वर्षी डिसेंबर संपेपर्यंत फक्त रद्द करता येणारी आरक्षणं घ्यावीत. दूरचित्रवाणीचं वार्षिक पॅकेज आपोआप नूतनीकरण होत असेल तर ते सप्टेंबरआधी बंद करा आणि त्यातले पैसे एएचएलच्या प्रक्षेपणाकडे वळवा.

टाळं उघडल्यावर

शिबिर आठवडाभराचं, सराव सामने शून्य. इथे तुमचा तक्ता प्रशिक्षकाच्या कागदाइतकाच बोलका होतो. पहिल्या दहा सामन्यांत खेळत आलेले आणि न खेळलेले यांच्यातला फरक उघड दिसतो: न खेळलेल्यांचे पाय तिसऱ्या कालखंडात बसतात, जांघेचे आणि कंबरेचे स्नायू दुखावतात, आणि गोलकीपर पकचा अंदाज उशिरा घेतात. दुसऱ्या गोलकीपरकडे लक्ष ठेवा. लागोपाठच्या दिवशी सामने वाढतात आणि ४८ पैकी बारा-पंधरा तरी त्याच्या वाट्याला येतात; एरवी नगण्य वाटणारा तो माणूस प्लेऑफची जागा ठरवतो.

छोट्या हंगामात एकेक सामना ८२ च्या हंगामाच्या पावणेदोन पट जड असतो. १९९५ आणि २०१३ दोन्ही वेळा सामने फक्त आपापल्या कॉन्फरन्समध्ये (पूर्व किंवा पश्चिम गटात) झाले, त्यामुळे तुम्ही हरलात की गुण थेट शेजाऱ्याला जातात. २०१३ मध्ये प्लेऑफची आठवी, म्हणजे शेवटची, जागा दोन्ही कॉन्फरन्समध्ये ५५ गुणांवर मिळाली. पश्चिमेत कोलंबसचेही ५५ होते, पण मिनेसोटाचे शूटआउटविना (बरोबरीनंतरच्या एकेकट्या फटक्यांविना) मिळवलेले विजय जास्त असल्याने कोलंबस बाहेर राहिलं. सहा-सात सामन्यांची घसरण झाली तर सावरायला वेळ नसतो. शिकागोने नेमकी उलट कमाल केली: पहिल्या २४ सामन्यांत, म्हणजे अर्ध्या हंगामात, नियमित वेळेत एकही पराभव नाही, आणि शेवटी चषकही त्यांचाच.

नवे नियमही लगेच समजून घ्या. २००५ मध्ये दोन रेषा ओलांडणारा पास वैध झाला, शूटआउट आलं, गोलमागच्या कोपऱ्यांत गोलकीपरने पक हाताळण्यावर बंधन आलं, पगारमर्यादा ३.९ कोटी डॉलर ठरली आणि चालू करारांतला पगार २४ टक्क्यांनी कापला गेला. खेळ इतका मोकळा झाला की वेगवान, अंगाने लहान खेळाडूंची किंमत एका उन्हाळ्यात वाढली. रद्द हंगामात करारांचं वर्षही जळून जातं, म्हणून २००५ च्या उन्हाळ्यात करारमुक्त खेळाडूंची झुंबड होती. शिवाय आदल्या हंगामाची क्रमवारीच नसल्याने ड्राफ्टच्या सोडतीत तीसही संघ होते. पिट्सबर्गला पहिला क्रमांक लागला आणि क्रॉस्बी मिळाला.

२०१३ च्या कराराने प्रत्येक संघाला पगारमर्यादेत न मोजले जाणारे दोन बायआउट (पैसे देऊन करार संपवण्याच्या संधी) दिले, २०१३ आणि २०१४ च्या उन्हाळ्यांसाठी. काहींना थांबावंही लागलं नाही: माँट्रियलने जानेवारीतच गोमेझला मोकळं केलं. अशी सवलत जाहीर झाली की तक्त्यातला करार संपण्याचा रकाना उघडा, तिशी ओलांडलेल्या आणि तीन वर्षांहून जास्त करार उरलेल्या नावांवर खूण करा. पुढच्या उन्हाळ्यात संघ कुठे जागा करणार याची यादी तिथेच तयार असते.